मिशिगन २०१६: पोल २० पॉइंटने कसे काय चुकले, आणि प्रायमरीचा पोल वाचायचा कसा

प्रश्न असा आलाय: "२०१६ च्या मिशिगन डेमोक्रॅटिक प्रायमरीत झाडून सगळे पोल हिलरी क्लिंटन वीसेक पॉइंटने पुढे म्हणत होते आणि जिंकले बर्नी सँडर्स. लोक पोलवाल्यांना खोटं सांगतात का, की पोलच मॅनेज केलेले असतात? आणि असंच असेल तर प्रायमरीचे पोल बघायचेच कशाला?"

(प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवणारं मतदान, आणि पॉइंट म्हणजे टक्क्यांमधला फरक.) आधी मॅनेजचं निकालात काढतो. एखादा पोल एखाद्या कँपेनने पैसे देऊन करून घेतलेला असू शकतो, तसे असतातच, पण वेगवेगळ्या युनिव्हर्सिट्या, टीव्ही चॅनेल आणि पेपर यांनी वेगवेगळ्या पैशाने केलेले पोल सगळे एकाच बाजूला चुकतात तेव्हा कट शोधण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून कुठली एकच गोष्ट गृहीत धरली होती ते शोधावं. लोकांनी खोटं सांगितलं हे पण फारसं पटत नाही. सँडर्सना मत देणार हे सांगायला कोणाला लाज वाटायचं काही कारणच नव्हतं.

मी गेली बरीच वर्षं अमेरिकेत सर्व्हेच्या सँपलिंग आणि वेटिंगचं काम करतो, म्हणजे कोणाला विचारायचं आणि कोणाच्या उत्तराला किती वजन द्यायचं ते ठरवतो, त्यातलं बरंच मिडवेस्टमधलं, म्हणजे मिशिगनच्या आसपासच्या राज्यांतलं. त्यामुळे उत्तर आतल्या बाजूने देतोय, आणि थोडं लांबणार आहे.

"तुम्ही कोणाला मत देणार" हा प्रश्न आमच्यासाठी सोपा असतो. अवघड प्रश्न आधीचा असतो, की मत द्यायला येणार कोण. लग्नातल्या आचाऱ्याला विचारा, जिलबी आवडते का श्रीखंड हे कोणीही सांगेल, पण पानं किती उठणार आणि मुलाकडची किती मुलीकडची किती यावर त्याचा सगळा हिशोब असतो. नोव्हेंबरच्या जनरल इलेक्शनमध्ये हा अंदाज त्यातल्या त्यात बरा जमतो, कारण बहुतेक लोकांचा पक्ष ठरलेला असतो आणि दर चार वर्षांनी साधारण तेच लोक येतात. प्रायमरीत दोन्ही उमेदवार एकाच पक्षाचे, त्यामुळे पक्ष हा धागाच हातातून जातो, आणि येणारे लोक दर वेळी वेगळे. म्हणून प्रायमरीच्या पोलची दोन उमेदवारांमधल्या फरकातली चूक सरासरीनेच नऊएक पॉइंटची असते, जनरलपेक्षा बरीच जास्त. हे धंद्यात सगळ्यांना माहिती आहे, टीव्हीवर मात्र कोणी सांगत नाही.

आता मिशिगनच का. तिथे मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष लिहायचाच नसतो. काही राज्यांत नोंदलेले डेमोक्रॅटच डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत देऊ शकतात, त्यामुळे पोलवाल्याकडे निदान यादी तरी असते. मिशिगनमध्ये प्रेसिडेन्शियल प्रायमरीच्या दिवशी कोणीही नोंदणीकृत मतदार जातो आणि कुठल्या पक्षाचं बॅलट हवंय ते लेखी सांगतो, झालं. म्हणजे राज्यातला प्रत्येक मतदार दोन्हीकडचा संभाव्य मतदार. (हे फक्त प्रेसिडेन्शियल प्रायमरीला बरं का. ऑगस्टमधल्या राज्याच्या प्रायमरीत दोन्ही पक्षांचे कॉलम एकाच बॅलटवर असतात आणि कुठला भरला ते गुप्त राहतं, फक्त एकाच कॉलममध्ये राहावं लागतं, दोन्हीकडे खुणा केल्या तर ते मत बाद.) आपल्याकडे तिकीट दिल्लीत नाहीतर मुंबईत ठरतं, म्हणून पक्षाचा उमेदवार ठरवायला पक्षाचा नसलेला माणूस येतो हीच गोष्ट आपल्या डोक्यात पटकन बसत नाही.

आणि मिशिगनला हे नवीन नाही. २००० साली जॉर्ज बुश आणि जॉन मॅकेन यांच्यात रिपब्लिकन प्रायमरी होती. एक्झिट पोलनुसार स्वतःला रिपब्लिकन म्हणवणाऱ्यांत बुश दोनास एकपेक्षाही पुढे होते, तरी राज्य मॅकेननी ५१ विरुद्ध ४३ ने जिंकलं, कारण त्या दिवशी मत द्यायला आलेल्यांत रिपब्लिकन निम्म्याहून कमी होते, बाकी सगळे अपक्ष विचाराचे (म्हणजे स्वतःला कुठल्याच पक्षाचे न म्हणवणारे) आणि चक्क डेमोक्रॅट. डेमोक्रॅटांची त्या दिवशी स्वतःची प्रायमरीच नव्हती, मग मोकळे होते ते. त्याही मागे गेलात तर १९७२ मध्ये याच राज्यात डेमोक्रॅटिक प्रायमरी अलाबामाच्या जॉर्ज वॉलेसने ५१ टक्क्यांनी जिंकली होती, शाळेच्या बसिंगवरून (गोरी-काळी मुलं एकत्र शिकावीत म्हणून त्यांना बसने दुसऱ्या भागातल्या शाळेत नेणं) लोक तापले होते आणि आदल्या दिवशी मेरीलँडमध्ये वॉलेसवर गोळीबार झाला होता. सांगायचं काय, तर दारं उघडी असलेल्या राज्यात पक्षाची जी माणसं असतात आणि पक्षाच्या प्रायमरीत जी माणसं येतात ती एकच नसतात.

मग पोलवाले अंदाज कशावरून लावतात? मागच्या वेळेवरून. आणि २०१६ ला मिशिगनमध्ये मागची वेळच नव्हती, म्हणजे होती पण कामाची एकही नव्हती. २०१२ ला ओबामांसमोर कोणी उभंच नव्हतं, डेमोक्रॅटिक बाजूला दोन लाखसुद्धा मतं पडली नाहीत. २००८ ला राज्याने तारीख पुढे ओढून १५ जानेवारी केली, राष्ट्रीय पक्षाने त्यावर कारवाई केली, ओबामा आणि एडवर्ड्स यांनी बॅलटवरून नावं काढून घेतली, मग लढत झाली ती क्लिंटन विरुद्ध 'अनकमिटेड', म्हणजे बॅलटवरचा 'यातलं कोणी नको' असा पर्याय, अशी, ५५ विरुद्ध ४०, एकूण मतं सहा लाखांच्या आसपास. २००४, २०००, १९९६ तिन्ही वेळा डेमोक्रॅटांची प्रायमरी नव्हे तर कॉकस, म्हणजे पक्षाने स्वतः घेतलेली छोटी निवड. म्हणजे खरी चुरशीची शेवटची प्रायमरी १९९२ ची, बिल क्लिंटन विरुद्ध जेरी ब्राउन. चोवीस वर्षं जुनी. तेव्हा मोबाईलसुद्धा नव्हते हो लोकांकडे.

आणि २०१६ ला आले किती? बारा लाखांहून जास्त. दोन लाखांच्या यादीत जी माणसं होती ती वयस्कर, पक्षाशी बांधलेली, दर निवडणुकीला न चुकता येणारी. एखाद्या पोलवाल्याने 'मागच्या प्रायमरीत मत दिलंय का' हा फिल्टर लावला असेल तर त्याने क्लिंटनचेच मतदार चाळून काढले, असं समजा.

निकाल होता सँडर्स ४९.७, क्लिंटन ४८.३. फरक सतरा हजारांच्या थोडा वर. आता एक्झिट पोलचे आकडे घेऊन गंमत बघू. आलेल्यांपैकी ६९ टक्के स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणारे, त्यांच्यात क्लिंटन ५८-४० ने पुढे. २७ टक्के अपक्ष, त्यांच्यात सँडर्स ७१-२८ ने पुढे. आता कोणाचंही मत न बदलता फक्त अपक्षांचा वाटा २७ चा १५ करा आणि उरलेले ८५ डेमोक्रॅट धरा. क्लिंटन होतात ५३.५, सँडर्स ४५ च्या जरा आत. म्हणजे एक-दीड पॉइंटने हरलेल्या क्लिंटनबाई नऊ पॉइंटने पुढे दिसायला लागल्या, आणि एकही माणूस खोटं बोललेला नाही. वीस पॉइंटच्या चुकीतला जवळपास निम्मा भाग असा नुसत्या मिश्रणातून येऊ शकतो. (एक्झिट पोल हाही पोलच असतो आणि शेवटी तो खऱ्या निकालाशी जुळवून घेतला जातो, त्यामुळे हे आकडे दशांशापर्यंत धरून बसू नका, दिशा बघा.)

दुसरं वय. एक्झिट पोलमध्ये तिशीच्या आतले साधारण १९ टक्के होते आणि त्यांनी सँडर्सना ८१ टक्के दिले. ८१! हा वाटा १९ ऐवजी १० धरला तरी निकाल उलटतो आणि क्लिंटन पाचेक पॉइंटने पुढे जातात. फक्त इथे एक चूक लोक हमखास करतात, अपक्षांचा परिणाम आणि तरुणांचा परिणाम यांची बेरीज. ती करता येत नाही, कारण तरुण आणि अपक्ष ही बरीचशी तीच पोरं आहेत, एकच माणूस दोनदा मोजला जातो.

हे तरुण पोलमध्ये कमी का पडतात हे आमच्याकडे रोज संध्याकाळी दिसतं. कॉल सुरू झाले की पहिल्या रात्रीच्या डेटात पासष्टच्या वरचे भरभरून असतात, त्यांना बोलायलाही आवडतं, आणि तिशीच्या आतले अगदी तुरळक. नुसत्या लँडलाइनवर रेकॉर्डेड आवाजाने केलेला पोल असेल तर विचारूच नका, अमेरिकेत ऑटोमॅटिक मशीनने मोबाईलवर परवानगीशिवाय असे कॉल करायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे स्वस्तातले पोल लँडलाइनवर अडकून राहायचे. मग आम्ही वेट लावतो, म्हणजे पाचशेच्या सँपलमध्ये तीसच तरुण मिळाले आणि हवे होते नव्वद, तर प्रत्येकाला तिप्पट वजन द्यायचं. ऐकायला ठीक वाटतं. पण तीस जणांच्या गटाची मार्जिन ऑफ एरर, म्हणजे नुसत्या योगायोगाने होऊ शकणारी चूक, आहे अधिक-उणे अठरा, आणि ती चूकही आता तिप्पट वजनाने आत येते. शिवाय दुपारी लँडलाइनवर सापडणारा पंचवीस वर्षांचा मुलगा हा ॲन आर्बरला, युनिव्हर्सिटीच्या गावात, हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाचा प्रतिनिधी आहे का, हा प्रश्न वेट लावून सुटत नाहीच. आणि सगळ्यात मूळची अडचण म्हणजे 'हवे होते नव्वद' हा आकडा आणायचा कुठून? तो परत येणार कोण यावरच येतो.

आता सगळंच मिश्रणावर ढकलणार नाही मी. दोन गोष्टी अशा होत्या की ज्यात खरोखर लोकांचा कल वेगळा निघाला. एक म्हणजे कृष्णवर्णीय मतदार. दक्षिणेतल्या राज्यांत क्लिंटनना त्यांची ८० च्या वर मतं मिळत होती, मिशिगनमध्ये साधारण ६८ मिळाली आणि सँडर्सना २८. डेट्रॉइट आणि फ्लिंटमधला कारखान्यात काम केलेला, युनियनमध्ये वाढलेला माणूस मिसिसिपीच्या मतदारासारखाच वागेल हे गृहीतक फसलं. वेन काउंटी आणि जेनेसी काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), म्हणजे डेट्रॉइट आणि फ्लिंट, क्लिंटननी जिंकल्याच, पण जेवढ्या मोठ्या फरकाने जिंकायला हव्या होत्या तेवढ्या नाही, आणि दुसरीकडे ग्रँड रॅपिड्स, कलमाझू, लॅन्सिंग, ॲन आर्बरकडच्या काउंट्या सँडर्सकडे गेल्या. दुसरी गोष्ट ट्रेड. परदेशी व्यापारामुळे इथले रोजगार जातात असं म्हणणारे डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून जास्त होते आणि त्यांच्यात सँडर्स पुढे. सँडर्स राज्यभर नाफ्ताबद्दल, म्हणजे मेक्सिको-कॅनडाबरोबरच्या व्यापार कराराबद्दल, बोलत फिरत होते.

त्यात वेळेची भर. क्लिंटन-सँडर्स यांची फ्लिंटमधली डिबेट झाली रविवारी ६ मार्चला, मतदान मंगळवारी ८ ला. बरेचसे पोल त्याच्या आधीच फोन ठेवून मोकळे झाले होते. प्रायमरीत लोक उशिरा ठरवतात, कारण हरलं तरी आपल्याच पक्षाचा कोणीतरी जिंकणार असतो, फार जिवावर येत नाही निर्णय बदलायला. एक थिअरी अशीही ऐकली असेल की क्लिंटन आरामात जिंकतायत असं वाटल्याने त्यांचे काही समर्थक ट्रम्पना अडवायला रिपब्लिकन बॅलट घ्यायला गेले. थोडेफार गेले असतील, उघड्या प्रायमरीत शक्य आहे, पण मला ते मुख्य कारण वाटत नाही.

आता '९९ टक्के'बद्दल, कारण खरा राग लोकांना त्याचाच आहे. फाइव्हथर्टीएट या पोलवरून निकालाचे अंदाज मांडणाऱ्या साइटचं मॉडेल क्लिंटनच्या विजयाची शक्यता ९९ टक्क्यांहून जास्त सांगत होतं. पाचशेच्या सँपलला अधिक-उणे साडेचारच्या आसपास मार्जिन लिहितात ती एका उमेदवाराच्या टक्क्याची असते, दोघांमधल्या फरकावर ती जवळजवळ दुप्पट होते. आणि पोलची सरासरी काढली की ही रँडम चूक कमी होते हे खरं. पण सगळ्यांनी तरुण आणि अपक्ष सारखेच कमी धरले असतील तर दहा पोलची सरासरी काढा नाहीतर शंभर, चूक तिथेच बसून राहते, उलट आकडा जास्त खात्रीचा दिसायला लागतो. त्या रात्री आणखी एक गंमत झाली जी बातम्यांत हरवली. त्याच दिवशी मिसिसिपीत क्लिंटननी प्रचंड मोठ्या फरकाने बाजी मारली आणि डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) मतांच्या प्रमाणात वाटले जात असल्यामुळे दोन राज्यं मिळून त्या रात्रीची आघाडी क्लिंटनकडेच गेली. मिशिगनमध्ये डेलिगेट सँडर्स ६७, क्लिंटन ६३. हेडलाइन एकीकडे, हिशोब दुसरीकडे.

प्रत्येक चुकीचं कारण मिशिगनसारखंच असेल असं नाही, हे परिस्थितीवर आहे. २००८ च्या न्यू हॅम्पशायरमध्ये ओबामा आठेक पॉइंटने पुढे दिसत होते आणि क्लिंटन तीनच्या आत फरकाने जिंकल्या. तिथे आधीच्या राज्याचा, आयोवाचा, निकाल आणि मतदान यांत पाचच दिवस होते, पोलवाल्यांना न उचललेल्या नंबरांवर परत परत फोन करायला वेळ नव्हता, काही लोकांनी शेवटच्या दिवशी ठरवलं. अमेरिकन पोलवाल्यांच्या संघटनेने, आपोरने, त्यावर समिती बसवून जाडजूड अहवाल काढला आणि त्यातही एकच एक गुन्हेगार सापडला नाही, अनेक छोट्या गोष्टी एकाच दिशेने पडल्या होत्या.

आणि मिशिगनमध्येच चार वर्षांनी, २०२० ला, पोल बायडनना मोठी आघाडी देत होते आणि बायडन सोळाएक पॉइंटने जिंकलेही, सगळ्याच्या सगळ्या ८३ काउंट्या. तोपर्यंत राज्याने २०१८ मध्ये घटना बदलून कारण न देता पोस्टाने मतदान आणि मतदानाच्या दिवशीही नाव नोंदणी सुरू केली होती. त्याने आमच्यासाठी नवीनच घोळ झाला, बुटिजेज, क्लोबुचर, ब्लूमबर्ग या शर्यतीतल्या उमेदवारांनी माघार घेतली तेव्हा कितीतरी लोकांची मतं आधीच पाकिटात बंद होऊन गेली होती. पाठवलेलं बॅलट रद्द करून नवीन घ्यायची सोय होती पण किती जण जाणार तेवढ्यासाठी. ब्लूमबर्ग शर्यतीत नसूनही त्यांना ४ टक्क्यांच्या वर मतं पडली. पोलमध्ये त्यांचं नावही नव्हतं बऱ्याच ठिकाणी.

मराठी वाचकांसाठी एक जवळचं उदाहरण, प्रेसिडेन्शियल नाही पण धडा तोच. आपले बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, स्वतःच्या पैशाने टीव्हीवर जाहिरातींचा मारा केला, आणि सुरुवातीच्या काही पोलमध्ये ग्रेचेन व्हिटमर यांच्या बरोबरीने, कधी पुढेही दिसायचे. इथल्या मराठी मंडळींचे व्हॉट्सॲप ग्रुप नुसते पेटले होते तेव्हा. ऑगस्टमध्ये व्हिटमर ५२, अब्दुल अल-सय्यद ३०, ठाणेदार १८ च्या जरा आत. प्रायमरीच्या सुरुवातीचा पोल बहुतेक वेळा नाव ऐकलंय का एवढंच मोजत असतो. (ठाणेदार पुढे २०२२ मध्ये डेट्रॉइट भागातून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकन संसदेवर, निवडून गेले, नऊ उमेदवारांच्या प्रायमरीत साधारण २८ टक्के त्यांना पुरले.)

२०२४ तर दोन्ही बाजूंनी बघण्यासारखं आहे. रिपब्लिकन पोलमध्ये ट्रम्प प्रतिस्पर्धी निकी हेलींच्या पुढे पन्नासहून जास्त पॉइंटने होते, निकाल ६८ विरुद्ध २७ लागला. ट्रम्प जिंकले म्हणून कोणी बोललं नाही, पण चूक १५ च्या घरातली होती! बहुधा परत तेच, हेलींना मत द्यायला जे अपक्ष आले ते रिपब्लिकन प्रायमरीचे मतदार म्हणून सँपलमध्ये पुरेसे धरलेच नव्हते. डेमोक्रॅटिक बाजूला गाझाच्या प्रश्नावरून बायडनविरोधात 'अनकमिटेड' म्हणा अशी मोहीम झाली आणि एक लाखाच्या वर मतं पडली, १३ टक्के. एक लाख ऐकून मोठं वाटतं. पण २०१२ ला ओबामांसमोर कुठलीही मोहीम नसताना अनकमिटेडला जवळपास ११ टक्के होतेच. म्हणजे राज्याचा टक्का बघितला तर फार काही घडलं नाही, आणि डिअरबॉर्न बघितलं, जिथे अरब-अमेरिकन वस्ती मोठी आहे, तर तिथे अनकमिटेडने बायडनना सरळ हरवलं. कुठला आकडा खरा? दोन्ही. राज्याच्या सरासरीतून अशी एकगठ्ठा नाराजी दिसत नाही, त्यासाठी निकाल शहराशहराने, प्रिसिंक्टपर्यंत (म्हणजे मतदान केंद्राच्या भागापर्यंत) उघडून बघावे लागतात.

तर तुमचा शेवटचा प्रश्न, बघायचे कशाला. बघा, पण टॉपलाइन, म्हणजे कोण किती पुढे हा वरचा आकडा, सगळ्यात शेवटी बघा. मी पोल हातात घेतला की आधी फोन कुठल्या तारखांना केले ते बघतो, चार दिवस जुना असेल आणि मध्ये डिबेट किंवा माघार झाली असेल तर तो पोल इतिहासाचा झाला. मग राज्याचा नियम, दार उघडं आहे की बंद, आणि त्याच दिवशी दुसऱ्या पक्षाकडे चुरस आहे का, कारण अपक्ष तिकडे ओढले जातात. मग सँपलमध्ये ४५ च्या आतले किती आणि अपक्ष किती, आणि 'लाइकली व्होटर', म्हणजे मत द्यायला येईल असा मतदार, ठरवला कसा, मागच्या मतदानावरून की नुसतं विचारून. मग अजून ठरवलं नाही म्हणणारे किती. हे सगळं मिळालं की मी स्वतः कागदावर वरच्यासारखं गणित करतो, अपक्ष दहा टक्क्यांनी वाढवून बघतो, तरुण वाढवून बघतो, आणि आघाडी टिकते का ते बघतो. २०१६ ला वीसची आघाडी अशी ताणून बघितली असती तर बरीच खाली आली असती आणि तेवढी आघाडी प्रायमरीत पक्की आघाडी नसतेच. निकाल सँडर्स हे त्यातून कळलं नसतं, पण ९९ टक्के लिहायला हात धजावला नसता.

या मिश्रणाची टेबलं चांगल्या संस्था पोलसोबतच प्रसिद्ध करतात, आणि पोल कसा केला ते उघड करण्यासाठी आपोरची पारदर्शकतेची योजनाही आहे. ज्या पोलसोबत ती टेबलं नसतात तो मी सरासरीत धरतच नाही, मग तो कितीही मोठ्या चॅनेलचा असो.